घरपोच गाळ

लोक भावाकडे भाचरं बघायला जातात, नवं घर बघायला जातात. मी तळं बघायला निघाले. माझा धाकटा भाऊ विनायक सिल्वासात सरकारी शाळेत मराठी शिकवतो. दर फोनवर तळ्याचाच विषय, त्यामुळे शेवटी मी म्हटलं, आता ते एकदा बघूनच टाकते. थंडी सरत आली होती. कोकमाची बाटली, कुळथाचं पीठ आणि पायात कोऱ्या चपला अशा तयारीनं मी रत्नागिरीहून गाडीत बसले. चपलांचा उल्लेख मुद्दाम केला आहे, त्यांचा पुढं संबंध येतो.

वापीला उतरून शेअर रिक्षा केली. मागच्या सीटवर आम्ही चौघी, पाचवीचं अर्धं अंग बाहेर. माझ्या शेजारची बाई माझ्या पिशवीकडे बघत म्हणाली, "ताई, नवीन दिसून राहिल्या. कुठल्या तुम्ही?"

मी रत्नागिरी सांगितलं. ती धुळ्याकडची, नाव मंगला. मसाटला एका कंपनीत पॅकिंगला होती आणि तळ्याच्या वरच्या अंगाला चाळीत राहत होती. विनायकचं नाव काढताच हसली.

"तळंवाले सर? त्यायले कोण नाही ओळखत! आमच्या नाल्यावर येऊन रोज उभे राहतात. आम्हाले वाटे, सरायचं काही हरवलं का काय नाल्यात."

भावाची गावातली ख्याती ऐकून मला धन्य वाटलं.

विनायक नाक्यावर उभाच होता. घरी चहा नाही, पाणी नाही. सामान स्कूटरवर अडकवलं आणि थेट तळ्यावर. रांधा आणि किलवणी या गावांच्या मधे एका मोठ्या वडाजवळ त्यानं स्कूटर थांबवली. समोर हिरवंगार माळरान पसरलं होतं, मधे दोन बगळे चरत होते. "छान आहे रे," मी म्हटलं, "पण तळं कुठंय?" आणि दोन पावलं पुढं टाकली.

दुसरं पाऊल गुडघ्यापर्यंत आत गेलं. ते माळरान नव्हतं, जलपर्णी होती, आणि तिच्याखाली काळा, कोमट, कुजका चिखल. विनायकनं दंडाला धरून ओढलं तेव्हा पाय आला, उजवी चप्पल राहिली. वास असा की डोळ्यांना पाणी आलं. मी भावाला तिथल्या तिथे मनसोक्त झापलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "आता कळलं ना मी फोनवर काय बोलतो ते?"

त्या रात्री रेखानं, म्हणजे माझ्या भावजयीनं, नागलीची भाकरी केली होती आणि रस्त्यावरून उंबाडियुं (मडक्यात पाला घालून उलटं भाजलेले कंद-शेंगा) आणलं होतं. हिरव्या चटणीबरोबर मी ते इतकं खाल्लं की चपलेचं दुःख निम्मं झालं. उरलेली डावी चप्पल मात्र टाकू दिली नाही. "एका चपलेचं काय करणार आहात ताई?" रेखानं विचारलं. मलाही ठाऊक नव्हतं. हट्ट, दुसरं काय.

सकाळी विनायकनं मला नाल्याच्या काठानं वर वर चालवलं. "तळं तळ्यात घाण होत नाही, ताई. वर होतं," हे त्याचं वाक्य. पूर्वी एकदा गावानं खपून नुसतं तळं उपसलं होतं. सगळ्यांनी फोटो काढले. दोनच पावसाळ्यांत जलपर्णी पुन्हा काठोकाठ, कारण नाला तसाच वाहत होता. तेव्हापासून यानं ठरवलं की हात लावायचा तर टेकडीपासून तळापर्यंत सगळ्याला एकदम. टेकडीवरच्या वारली पाड्यांतल्या बायकांनी उतारावर दगडी बांध घातले होते आणि बांधांवर वाळा लावला होता. माती आता खाली धावत नव्हती. त्याखाली चाळींजवळ सांडपाण्यासाठी दोन खड्डे आणि लोखंडी जाळी झाली होती. तळ उपसायला पोकलेन रविवारी यायचं होतं.

राहिलं होतं एकच. चाळी ओलांडून नाला जिथं वळतो, तिथं एका शेताचा सखल कोपरा आहे. तिथं पाणी पसरवायचं, त्यात कर्दळ आणि पाणकणीस लावायचं. मुळांमधून हळूहळू झिरपत गेलं की पाणी बऱ्यापैकी निवळून तळ्यात उतरतं. तो कोपरा किलवणीच्या रमणभाईंचा. त्यांनी होकार दिला होता, तोंडी.

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर?" मी विचारलं.

"तर तळं उपसण्यात अर्थ नाही. पोकलेन परत पाठवेन." विनायक चालायचा थांबला. "दुसऱ्यांदा फसलं, तर तिसऱ्यांदा लोक येणार नाहीत ताई. मी बोलावलं तरी येणार नाहीत."

त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला पहिल्यांदा भीती वाटली. माझ्या भावाचं सगळं त्या एका कोपऱ्यावर टेकलं होतं.

आता माझा पराक्रम. रविवारचं आवतण रिक्षाच्या भोंग्यावरून गावोगाव द्यायचं होतं आणि विनायकचा घसा बसला होता. माझा आवाज खणखणीत. त्यानं लिहून दिलं होतं, 'तळ्याची माटी मिळेल.' मी चष्म्यावरून बघितलं. "मराठीचा मास्तर ना तू? माटी काय? गाळ म्हण गाळ!" तो तापानं फणफणला होता, हो म्हणाला. मग मी माझ्या अस्सल मराठीत मोबाइलवर बोलून दिलं:

"मंडळी, रविवारी सकाळी तळ्यावर या! सगळ्यांना गाळ देणार! ज्यांना हवा त्यांना घरपोच गाळ देऊ! आणि पहिला गाळ आपल्या रमणभाईंना!"

दुपारी रिक्षा फिरली. संध्याकाळी किलवणीहून निरोप आला: जमीन मिळणार नाही.

विनायक अंथरुणावर उठून बसला, मोबाइलवर माझा आवाज पुन्हा ऐकला आणि त्यानं कपाळाला हात लावला. गुजरातीत 'गाळ' म्हणजे शिवी. 'गाळ देणे' म्हणजे शिव्या घालणे. मी भोंगा लावून पंचक्रोशीला घरपोच शिव्यांचं आश्वासन दिलं होतं, आणि पहिल्या मानाची शिवी रमणभाईंना.

रेखाला हसू आवरेना. मला रडू येत होतं. मग मी रागानं उठले. एका शब्दापायी एवढं काम बुडू द्यायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी रेखाच्या चपला पायात घातल्या, तळ्यावरून डबाभर काळा गाळ भरून घेतला, घसा बसलेल्या भावाला मागे बसवलं (स्कूटर रेखानं चालवली, तिघंही एकावर, तो वेगळाच प्रवास) आणि किलवणी गाठली.

रमणभाई ओटीवर बसले होते. उंच, सुकलेला माणूस, पांढऱ्या मिशा. त्यांच्या पत्नी कोकिळाबेन "आवो, बेसो" म्हणाल्या. रमणभाईंनी विनायकला बसायची खूण केली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तमे ज ने? भोंगामां?" (तुम्हीच ना? भोंग्यात?)

"मीच."

"आखा गाम वच्चे मने गाळ देवा बोलावो छो?" (भर गावात मला शिव्या द्यायला बोलावता?)

मी डबा उघडून त्यांच्यापुढं ठेवला. "भाऊ, आमच्या भाषेत गाळ म्हणजे हा. तळ्याच्या बुडातला. वाळला की शेताला सोन्यासारखा. पहिला तुम्हाला द्यायचा होता, मान म्हणून."

ओटीवर वास पसरला. कोकिळाबेननी डब्यात बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, सुटलो. पण रमणभाई हसले नाहीत. त्यांनी डबा बंद केला आणि हळू आवाजात बोलायला लागले, आमच्यासाठी मराठी मिसळून.

"शब्द राहू द्या बेन. शब्दानं माझं काय बिघडत नाय. पण आजे तळाव गंधाय छे, काले मारुं खेतर गंधाशे. (आज तळ्याला वास येतोय, उद्या माझ्या शेताला येईल.) चाळीवाले काय पण टाकतात. जाळी भरली का पाणी माझ्या डांगरात (भातात). तेव्हा कोण येणार? सर येणार? सरांची तर कधी पण बदली."

मग मला कळलं, शिवी हे निमित्त होतं. माणूस आधीच घाबरलेला होता आणि त्याची भीती रास्त होती.  विनायक खाली मान घालून बसला आणि मला त्याची इतकी दया आली की मी काहीतरी फाडकन बोलून गेले. "जाळीची जबाबदारी चाळीनं घेतली तर?"

"कोण घेणार?"

"संध्याकाळी माणसं घेऊन येते," मी म्हटलं. कोणाला आणणार होते, देव जाणे.

मला त्या गावात एकच माणूस ठाऊक होतं. मंगलाची चाळ शोधत गेले. ती नुकतीच कंपनीतून आली होती, केसांत अजून पुठ्ठ्याची धूळ. मी सगळं सांगितलं. गाळाचं ऐकून ती आधी पोटभर हसली, मग म्हणाली, "ताई, जाळी साफ कराले कोणाची ना नाही. पण सगळ्यायची म्हटली का कोणाचीच नाही होत. आमच्याकडे एकच गोष्ट टाइमावर होते, शिफ्ट. मशीन पुढच्याच्या हाती दिल्याबिगर कोणी घरी जात नाही. जाळीलेबी शिफ्ट लावून टाकू."

"म्हणजे?"

"जो घरी येईल, तो आधी जाळी बघीन. साफ करीन, अन् पुढच्या घराचं दार वाजवून सांगीन, 'चार्ज घ्या.' दार वाजलं का झोप कशी येईन?"

संध्याकाळी रमणभाईंच्या ओटीवर चाळीतली डझनभर माणसं उभी होती, निम्मी कंपनीच्या गणवेशात. मंगलानं शिफ्ट समजावून सांगितली. रमणभाईंनी एकेकाकडे बघितलं. "आणि चार्ज घेतला नाय, तर?"

"तर तुम्ही या," मंगला म्हणाली, "अन् बोला आम्हाले."

रमणभाईंच्या मिशा हलल्या. "तो हुं गाळ आपीश," ते म्हणाले. "मारी गाळ. मराठीवाली नहीं." (मग मी गाळ देईन. माझी. मराठीतला नव्हे.)

सगळी ओटी हसली. विनायकनं दुसरीकडे तोंड फिरवलं, डोळे पुसायला. कोकिळाबेननी आतून चहा आणला, आलं घातलेला, भयंकर गोड.

रविवारी तळ्यावर एवढी माणसं जमली की विनायकही चक्रावला. काहीजण तर शिव्या कशा मिळतात ते बघायलाच आले होते. पोकलेननं जलपर्णीची गादी ओढली आणि खाली पाणी दिसलं. काळं होतं, पण पाणी होतं, आणि त्यात आभाळ दिसत होतं. वारली बायका वळणावर कर्दळीचे कंद खोचत होत्या. मी पण खोचले, अनवाणी, घोट्यापर्यंत चिखलात, आणि या वेळी मला घाण वाटली नाही. माझ्या हरवलेल्या चपलेची गोष्ट रेखानं एव्हाना सगळ्यांना सांगून झाली होती. गाळाचा पहिला ट्रॅक्टर रमणभाईंच्या शेतात रिकामा झाला. विनायक त्यामागून धावत गेला, ताप असूनसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. रिक्षा नाक्यावरून वळताना तळ्याकडे बघितलं. अर्धं अजून हिरवंच होतं. काम बरंच बाकी होतं, आणि पुढं किती वर्षं बाकी राहील कोण जाणे. प्रवासात आपण पूर्ण झालेल्या गोष्टी बघायला जातो. देऊळ, किल्ला, धबधबा. मी अर्धवट गोष्ट बघून परतत होते आणि तरी मन भरलेलं होतं. नाला, चाळ, शेत, तळं यांना जोडणारं पाणी आधीपासून होतंच, माणसं आता जोडली जात होती. हे टिकेल का, हा प्रश्न मात्र रत्नागिरीपर्यंत माझ्याबरोबर आला.

घरी आल्यावर काही आठवड्यांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी हॅलो म्हणायच्या आत पलीकडून दमदार आवाज आला. "बेन, किलवणीथी रमणभाई बोलुं छुं."

मी घाईनं विचारलं, "काय झालं भाऊ? जाळी भरली का?"

"ना रे. काल रात्री त्रीजी शिफ्टवाळाए चुकून मारुंज बारणुं ठोक्युं. (काल तिसऱ्या शिफ्टवाल्यानं चुकून माझंच दार वाजवलं.) म्हणाला, चार्ज घ्या. मग काय, घेतला. बॅटरी लावून जाळी बघून आलो."

मी हसायला लागले.

"ए माटे फोन नथी कर्यो," ते म्हणाले. (फोन त्यासाठी केला नाही.) "खेतरमां नांगर फिरवत होतो. तमारी चंपल मळी गई. गाळमांथी." (तुमची चप्पल सापडली. गाळातून.)

गाळमांथी! मी हट्टानं जपून आणलेली ती डावी चप्पल कपाटातून काढली आणि पुसून दाराशी ठेवली.