कोब्याखालची पळी

वनमाला तावडे सकाळी दूधकेंद्रावर बाटल्या विकायची आणि शनिवारी दुपारी पुरातत्त्व शिकायला जायची. जोगेश्वरीच्या त्यांच्या बैठ्या चाळीत हा विषय कुणाला सांगून पटत नसे. शेजारणींना वाटे, टायपिंगचा क्लास असावा. सासूबाई, रुक्मिणीबाई, तर तोंडावरच म्हणत, "घरातली पळी सांभाळूक येत नाय आणि चालली राजवाडे शोधूक!"

ही पळी म्हणजे वनमालाच्या संसारातलं जुनं दुखणं. देवपूजेची चांदीची पळी. वनमाला लग्न होऊन आली त्याच सुमारास ती दिसेनाशी झाली, आणि "तू इलंस आणि पळी गेली" हे दर सणाला पाहुण्यांच्या पानात हमखास वाढलं जाई. खरं तर देवाच्या भांड्यांना सासूबाई कुणाला हात लावू देत नसत. मागच्या अंगणात बसून स्वतः राखेने घासत. पण हे बोलून दाखवायची सोय नव्हती. वनमाला मुकाट्याने गिळायची आणि मोरीत भांडी जरा जोरात आपटायची.

श्याऐंशी साली नळाची नवी पाइप टाकायला मागच्या अंगणातला सिमेंटचा कोबा फोडायचं ठरलं. वनमाला हरखली. वर्गात सरांनी थर वाचायला शिकवलं होतं: वरचा थर नंतरचा, खालचा आधीचा, आणि वस्तू दिसली की आधी चित्र, मग हात. उत्खननाच्या शिबिराला घरून परवानगी कुठली मिळायला? आता शिबिरच दारात आलं होतं. तिने नवऱ्याच्या, दत्तारामच्या, हाती पहार दिली आणि स्वतः रंगाचा जुना ब्रश घेऊन फतकल मारली. अर्धी चाळ तमाशा बघायला जमली.

फोडलेल्या कडेला थर स्वच्छ दिसू लागले. वर कोबा, मग विटांचा चुरा, त्याखाली काळी राख. आणि न फुटलेल्या कोब्याच्या बरोबर खाली, राखेत रुतलेला, चांदीचा दांडा!

दत्तारामने झटकन हात घातला.

"अहो, हात लावाल तर बघा!" वनमाला अशी कडाडली की तो मागच्या मागे बसलाच. "उपटलीत तर ती कुठल्या थरात होती, हे कोण मानणार? आधी आईंना बोलवा."

रुक्मिणीबाई आल्या, कमरेवर हात ठेवून वाकल्या. "अगो बाय! माझी पळी! भांडी घासलेल्या राखेवांगडा गेली काय?"

"आई, हा कोबा कधी घातला?"

"तुझ्या लग्नाआधी. मांडव घालूचो होतो म्हणान..."

त्या मधेच थांबल्या. कोबा घातला तेव्हा नवरी अजून माहेरीच होती.

या दिवसाची वनमालाने किती वाट पाहिली होती! पण सासूबाईंचं उतरलेलं तोंड बघून तिलाच भरून आलं. ती खाली मान घालून थरांचं चित्र काढत राहिली.

रुक्मिणीबाई तिच्याशेजारी टेकल्या. त्यांनी पलीकडच्या, अजून न फोडलेल्या कोब्यावर बोट ठेवलं.

"हयसर पण खण गो," त्या हळूच म्हणाल्या. "माझी पितळेची वाटी धाकट्या जावेन न्हेली, असा मी गावभर सांगलंय."