ताकाचं पथ्य

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. काष्टीत माझं मेडिकलचं दुकान आहे. लोक म्हणतात, डॉक्टरपेक्षा याचा शब्द खरा — मी ऐकून घेतो.

माझा थोरला भाऊ, दादा, सहा वर्षांपूर्वी अडखळायला लागला. आधी पाय, मग बोलणं. पुण्याच्या डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. प्रायॉनचा आजार, म्हणाले — मेंदूतलंच एक प्रथिन वाकडं होतं आणि शेजारच्यालाही वाकडं करतं. जगभर अशा रोग्यांना मलेरियाचं जुनं औषध देऊन पाहिलंय, एक अँटिबायोटिकही. कशानंच हा रोग थांबला नाही. काही महिने, एवढंच हातात.

बाहेर बाकावर वहिनी बसली होती. "भाऊजी, औषध हाय ना?"

"आहे," म्हणालो. तिच्या तोंडाकडं बघवलं नाही — दुसरं काय? दुकानातल्या बी-कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूल बिनलेबलच्या डबीत भरून दिल्या. इथवरचं खोटं पुष्कळजण बोलतात. पण तिनं विचारलं, "पथ्य काय?" आपल्याकडं पथ्याशिवाय औषध खरं वाटतं का? मी बोलून गेलो — "आंबट बंद. ताकसुद्धा."

ताक नसलं तर दादाला जेवल्यासारखं वाटायचं नाही. सगळे शब्द गेले, तरी 'ताक' उरला होता. तो मागायचा, ती डोळे पुसत नको म्हणायची. मी समोर बसून ऐकायचो. एक शब्द बोलायला माझं काय जात होतं?

दहाव्यानंतर ती माझ्याजवळ येऊन बसली. "भाऊजी, म्या पथ्य मोडलं. जायच्या आठ दिस आधी वाटीभर ताक पाजलं. लई हसले हुते." मग हळूच — "त्यानंच गेले का वो?"

तेव्हा तरी सांगायचं! पण मग डबीत काय होतं तेही सांगावं लागलं असतं, गावात माझा शब्द खोटा पडला असता. मी म्हणालो, "आता त्याचं काय, वहिनी."

नाही — असं म्हणालो नाही. "पथ्य पाळायला हवं होतं, वहिनी," असं म्हणालो.

तिनं त्यानंतर घरात विरजण लावलेलं नाही. गेल्या आठवड्यात ती स्वतःच्या बीपीच्या गोळ्या न्यायला दुकानात आली. पाकीट हातात घेऊन म्हणाली, "पथ्य?"

"काही नाही."

"नीट बगून सांगा, भाऊजी. मागं माझ्या हातनं चूक झालीया."

मी चष्मा लावला आणि पाकिटावरचं वाचत राहिलो.