फोटोतल्या कडेच्या बाई

माझी आत्या शाळेत इतिहास शिकवायची. कुणी काही ठासून सांगितलं की तिचा एकच प्रश्न, "कशावरून?" त्यामुळे मुलींनी तिचं नावच 'कशावरूनबाई' ठेवलं होतं. बाबा नुसतं "बाहेर गारठा आहे" म्हणाले तरी त्यांची सुटका नसे.

शाळेला पंचाहत्तर वर्षं होणार होती. स्मरणिकेचं काम आत्याकडे आलं आणि तिनं नववीच्या मुलींना कामाला जुंपलं. "पुस्तकातून उतरवून आणाल तर कागद भिरकावून देईन. त्या काळातल्या वस्तू शोधा, माणसं शोधा."

मुली शाळेमागच्या फोटो स्टुडिओत गेल्या. इमारतीच्या उद्‌घाटनाचा फोटो मालकाच्या वडिलांनी काढला होता आणि त्याची मूळ काच, म्हणजे काचेची निगेटिव्ह, अजून खोक्यात होती. मुख्याध्यापकांच्या खोलीत लावलेला तोच फोटो सगळ्यांना पाठ होता: मधोमध संस्थापक, आजूबाजूला कोटवाले. काचेवर मात्र उजव्या कडेला एक बाईही होत्या, हातात शाळेची घंटा घेतलेल्या.

अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक आजी हयात होत्या. फोटो पाहताच त्या म्हणाल्या, "अगं, या तर आमच्या बाई! यांच्या घरात दोन खोल्यांत शाळा भरायची. हे कोटवाले इमारतीच्या वेळी आले."

मुली नाचतच परतल्या. आत्या म्हणाली, "खरं असेल. पण आठवण चुकतेही. दुसरा पुरावा आणा." मुलींनी वाचनालयातली जुनी वर्तमानपत्रं उपसली. बाईंच्या घरच्या पत्त्यावर प्रवेश देण्याची जाहिरात सापडली, इमारतीच्या चार वर्षं आधीची. म्हणजे शाळेचं वयसुद्धा चुकलं होतं.

आत्या संस्थेच्या अध्यक्षांकडे गेली. ते संस्थापकांचे नातू.

"फोटो आटोपशीर दिसावा म्हणून कडा कापली असेल हो," ते म्हणाले. "टाकू की शेवटच्या पानावर, 'इतर मदतनीस' म्हणून."

"मदतनीस?" आत्याचा आवाज पार व्हरांड्यात ऐकू गेला. "घर त्यांचं, शाळा त्यांची, आणि मदतनीसही त्याच? तुमच्या आजोबांचं नाव मी पुसतेय का? तुम्ही मात्र अख्खी बाई कात्रीनं उडवताय!"

स्मरणिका कापलेल्या फोटोसकट छापली गेली. आत्यानं तिच्यावरून स्वतःचं नाव काढायला लावलं.

समारंभात दाराशी प्रती वाटायला नववीच्याच मुली होत्या. आत्याला न विचारता त्यांनी अख्ख्या फोटोच्या झेरॉक्स काढल्या आणि प्रत्येक प्रतीत एकेक सरकवली. अध्यक्ष लालबुंद झाले. "हे कुणाचं काम?"

मुलींनी तोंड उघडायच्या आत आत्या पुढे झाली. "माझं."

लगेच तिच्याकडून इतिहास विषय काढून घेतला आणि तिला पाचवीचा हस्ताक्षराचा तास दिला. घरी ती आठवडाभर भांडी आपटत होती. मुली रडवेल्या होऊन माफी मागायला आल्या, तर त्यांच्यावरच उखडली.

"माफी कसली मागता? फोटो कुठल्या काचेवरून घेतला, जाहिरात कोणत्या अंकातली, खाली एक ओळ लिहिता आली नाही? त्यांनी बाई कापल्या, तुम्ही पुरावा कापलात!"

आणि सगळ्यांना तिथंच जमिनीवर बसवून तिनं ती ओळ लिहून घेतली.