देवमन आणि चिकटलेली घमेली

देवमन तायडे बसत नाही. अकरा वर्षं अकोल्याच्या एमआयडीसीत त्याच्या शेजारी उभा राहून मी माल तपासतो आहे. डबासुद्धा तो उभ्यानेच खातो. प्रेसमध्ये पत्रा ठेवायचा, दाबायचा, तयार घमेलं काढायचं आणि मधल्या वेळात हात खाजवायचे. आधी मला त्याचा राग यायचा. समोरचा सारखा खाजवत असला की आपल्यालाही खाज सुटते.

कारण तेलाच्या पिंपात होतं. पत्रा साच्यात ओढला जाताना फाटू नये म्हणून तेल लागतं, आणि आमच्याकडे गॅरेजातलं जळकं ऑइल चालायचं. मग घमेली डिझेलने पुसायची आणि तो काळा राडा मागच्या नाल्यात. देवमनची मनगटापर्यंतची कातडी भेगाळली होती. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, हे तेल सोडा, नाहीतर काम सोडा. त्रेपन्नाव्या वर्षी काम सोडून माणूस जातो कुठे?

यंदा मे महिन्यात अमरावतीच्या एका डाळ मिलवाल्याने पाचशे घमेली मागवली, पण जळक्या ऑइलचा वास नको म्हणाला. देवमन लगेच मालकांपुढे, केशवरावांपुढे जाऊन उभा राहिला.

“साहेब, जवसाचं तेल लावून पाहू. पोटात चालते, ते पत्र्यावर काहून नाई चालनार?”

“एक डाव देतो,” केशवराव म्हणाले. “फसलं तं पुन्हा जुनंच ऑइल. मंग तोंड उघडाचं नाई.”

काम झकास झालं. एकही पत्रा फाटला नाही. घमेली एकात एक घालून आम्ही थप्प्या रचल्या, आणि केशवरावांच्या पुतणीच्या लग्नासाठी कारखाना चार दिवस बंद झाला. लग्नातही देवमन मांडवाला चकरा मारत होता. “थप्प्या पाहून येऊ काय?” असं त्याने मला तीनदा विचारलं. मी वैतागून त्याला गप्प केलं. तेवढं करायला नको होतं.

पाचव्या दिवशी मी वरचं घमेलं उचललं तर अख्खी थप्पी वर आली. पत्र्याच्या शेडमधल्या उकाड्यात तेल वाळून गोंद झालं होतं.

“उद्या गाडी येते,” केशवराव एवढंच म्हणाले. “सोडव. आन परवापासून जुनं ऑइल.”

देवमन शेडमध्ये येरझाऱ्या घालायला लागला. पाहवेना, म्हणून मी त्याला स्कूटरवर घालून जुन्या शहरात त्याच्या घरी नेलं. त्याच्या बायकोने, सुभद्रावहिनींनी, ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

“जवस लावलं? दरसाली मी या दाराच्या फळ्याईले काय लावते? वाळून घट्ट होते म्हनूनच तं लावते! बिजागरीले एरंडेल टाकते, ते वाळत नाई. घरात विचाराची लाज वाटते काय तुमाले?”

वीस वर्षं त्याच दारातून ये-जा करणारा माणूस त्या फळ्यांवरून बोट फिरवून पाहायला लागला.

वहिनींच्या सांगण्यावरून आम्ही कारखान्यात परतून धुण्याचा सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात घमेली बुडवली. सगळी सुटायला दुसरी दुपार उजाडली. भेगांत सोडा जाऊन देवमनच्या डोळ्यांत पाणी येत होतं, तरी मला हात लावू देईना. माल वेळेवर गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी केशवरावांनी जुन्या ऑइलचं पिंप उघडायला सांगितलं. देवमनने हात मागे घेतले.

“चूक माही हाय साहेब. पन यात आता हात घालनार नाई. एरंडेल लावून दोन घमेली काढतो, चार दिवस उन्हात ठेवतो. चिकटली तं मी घरी बसतो.”

“तू? बसशील?” केशवराव म्हणाले. पण त्यांची नजर त्या हातांवर गेली होती. “जाय.”

दोन्ही घमेली एकात एक घालून त्याच्या अंगणात ठेवली. चार दिवस देवमन त्यांच्याभोवती फिरत होता. चौथ्या संध्याकाळी मी गेलो, तरी उचलून पाहायची त्याची छाती होईना. शेवटी वहिनीच पुढे झाल्या आणि वरचं घमेलं त्यांनी एका हाताने उचललं.

सुटलं. आत तेल ओलंच होतं.

मी ओरडलोच. जवस पिऊन टणक झालेल्या त्या दाराला पाठ टेकून देवमन उंबऱ्यावर बसला.