पहिल्या कार्डावरचं गंध

नवशिक्यांचे प्रोग्रॅम का चालत नाहीत ते शोधायचं, एवढंच भीमसेनअण्णांचं काम. १९६८ साली बेंगळूरच्या आमच्या संस्थेत संगणक एकच होता आणि नवशिके आम्ही साठ-सत्तर. जो तो आपला प्रोग्रॅम, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा, छातीशी धरून अण्णांच्या टेबलाशी यायचा आणि म्हणायचा, "मी काहीच केलेलं नाही."

"सरी, ठेव इथं," असं कानडी वळणाच्या मराठीत म्हणत अण्णा डोळे चोळायचे. कुणाची कार्डं उलटी लागलेली, कुणी शेवटचं कार्ड खोलीवर विसरलेलं. पन्नाशी उलटलेला माणूस, रोज त्याच त्या चुका. "पुढच्या जन्मी दगड कर रे देवा, पण नवशिक्यांच्या तोंडी देऊ नकोस," असं पुटपुटत पुढच्या गठ्ठ्याचं रबर सोडायचे. सोडायचे मात्र नेहमी.

त्या वर्षी परदेशातून तयार कार्डांचा नवा गठ्ठा आला. अवघड गणितं त्यात आयती होती. आपली कार्डं त्याच्यामागे जोडली की झालं. आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, आदल्या दिवशी तो मीच वापरला, छान चालला. पूजेला अण्णा यंत्राला, टेबलांना, टाइपरायटरना गंध-कुंकू लावत होते आणि ताट माझ्या हातात होतं.

"अण्णा, नव्या गठ्ठ्यालाही लावा की," मी म्हटलं. आम्ही निपाणीकडचे, नव्या वस्तूला आमच्यात आधी मान. अण्णांनी पहिल्या कार्डावर ओलं चंदन टेकवलं, वर कुंकू.

सुट्टी संपली आणि कुणाचाच प्रोग्रॅम चालेना. नवा गठ्ठा जोडला की यंत्र छापून द्यायचं, ‘हे नाव माहीत नाही.’ संस्थेच्या साहेबांनी नोंदींची वही काढली. गठ्ठा शेवटी नेल्याची सही माझी, चंपाची.

"हिनंच काहीतरी बिघडवलंय," साहेब म्हणाले. "चूक कुठं आहे ते शनिवारपर्यंत कळलं नाही, तर हिचं नाव पटावरून काढा."

नाव काढलं म्हणजे निपाणीला परत. मला इतक्या लांब धाडलं म्हणून भावकी वडिलांना आधीच नावं ठेवत होती. मी अण्णांपुढं रडले. "मी काहीच केलेलं नाही," म्हटलं.

"स्वल्प थांब गं, बघतो," अण्णा म्हणाले.

चार दिवस त्यांनी ती चारशे कार्डं पुन्हापुन्हा मोजली. एकही कमी नव्हतं, क्रम बरोबर होता. कुंकू समोरच होतं. पण त्या आठवड्यात कुंकू न लागलेली वस्तू संस्थेत नव्हतीच, साहेबांच्या स्कूटरसकट. मग ते खटकणार कुणाला?

शनिवारी सकाळी अण्णांनी थकून पहिलं कार्ड खिडकीच्या उन्हात धरलं. एका भोकातून उजेड येत नव्हता. चंदन वाळून बसलं होतं. यंत्र ती भोकं उजेडानंच वाचायचं. गठ्ठ्याचं नाव त्या पहिल्या कार्डावरच पाडलेलं होतं; एक भोक बुजलं आणि नावच बदललं. अण्णांनी तसंच नवं कार्ड पाडलं, पाच मिनिटांत सगळं सुरू झालं.

मग ते जुनं कार्ड घेऊन साहेबांकडे गेले. मी दारात उभी होते.

"पूजा यंत्राची असते. कार्डांना गंध फासायची अक्कल कुणाची?" साहेबांनी विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझीच, सर."

मी तोंड उघडलं, आणि मिटलं. लाज वाटते, पण मिटलं.

सोमवारपासून अण्णा शिक्षा म्हणून कोठीत बसून कागदाची रिमं देऊ लागले. मी कोरी कार्डं आणायला गेले की ते विचारायचे, "चालतात का गं सगळ्यांचे?" ते अधिकच दमलेले दिसायचे. आज सांगते, उद्या सांगते, करत मी साहेबांना कधीच सांगितलं नाही.

वर्षभरानं माझं शिक्षण संपलं आणि अण्णांच्या रिकाम्या खुर्चीवर साहेबांनी मला नेमलं. पहिल्याच सकाळी एक मुलगी गठ्ठा छातीशी धरून आली.

"अक्का," ती म्हणाली, "मी काहीच केलेलं नाही."

मला तिच्याकडे बघवेना. "ठेव इथं," म्हणाले आणि डोळे चोळले.