इओलेच्या नावावरची नाणी

क्विंतो तोझ्झीने रोममध्ये एकतीस वर्षं ट्राम चालवली. धाकट्या भावाशी, अल्व्हारोशी, त्याचं लहानपणापासून कधी धड पटलं नव्हतं. आई गेल्यावर तिचं घर अल्व्हारोने परस्पर विकून टाकलं, तेव्हा तर बोलणंच तुटलं. एकाच शहरात राहून अकरा वर्षं दोघांनी एकमेकांचा उंबरा ओलांडला नाही.

ते पुन्हा जुळलं ते नाण्यांमुळे.

युरो आला आणि लोकांना व्हॅटिकनच्या नाण्यांचं वेड लागलं. एवढासा देश, त्याची नाणी ती किती असणार? सुट्ट्या पैशांत ती कधी हाताला लागायचीच नाहीत. यादीत नाव असेल त्यालाच वर्षाला नाण्यांची एक डबी मिळायची, आणि यादीत शिरणं महाकठीण. क्विंतोच्या स्वयंपाकघरातून व्हॅटिकनची भिंत दिसायची, पण त्याचा काय उपयोग? त्याची बायको इओले मात्र चिवट. तिने दोन अर्ज केले, एक नवऱ्याच्या नावाने, एक स्वतःच्या. उत्तर येईना, तशी ती दर महिन्याला पत्र पाठवू लागली. "नाही म्हणायचं तर नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा." तिसऱ्या वर्षी दोन्ही नावं लागली.

ही बातमी अल्व्हारोच्या कानावर कशी गेली, देव जाणे. त्या ईस्टरला तो कबुतराच्या आकाराचा केक घेऊन दारात उभा राहिला.

"किती दिवस असं तोंड फिरवून बसायचं, क्विंतो? म्हातारे झालो आपण."

इओलेने त्याला आत घेतलं, कोकराचं मटण वाढलं, आणि निघताना स्वतःच्या नावावरची डबी त्याच्या हातात ठेवली. पुढे तो रिवाजच पडला. दर ईस्टरला केक यायचा, डबी जायची. जेवणावर अल्व्हारो आईच्या नकला करायचा आणि क्विंतो डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायचा. अल्व्हारो डबी कधी उघडूनही बघत नाही, हे क्विंतोच्या लक्षात आलं होतं.

सातव्या वर्षी इओले गेली. दफन आटोपून माणसं पांगत असताना अल्व्हारोने क्विंतोच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "तिचं नाव आता तुझ्याकडे येतं ना रे?"

"नाव माणसाबरोबर जातं."

"अर्ज करून तर बघ."

पुढच्या ईस्टरला केक आला नाही, फोन आला. गुडघे दुखतात, तीन जिने चढवत नाहीत. क्विंतोने एकट्यापुरती भाजी शिजवली. महिनाभर विचार केला आणि एका रविवारी तो बाजारात गेला. एक डबी विकत घ्यावी आणि भावाला बोलवावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

नाणी विकणारा मोठा गप्पिष्ट निघाला. "यंदा माल नाही, साहेब. एक उंच गृहस्थ दरवर्षी ईस्टर झाला की आणून द्यायचे. आता म्हणतात, पुरवठा आटला."

"का बरं?"

"त्यांचा पुरवठादार कुणी म्हातारा ट्रामवाला होता. त्याची बायको मेली म्हणे. झालं, धंदा बसला."

क्विंतो चालत घरी आला. डबी विकली म्हणून त्याला राग नव्हता. ते त्याने कधीच ओळखलं होतं. पण पुरवठादार! म्हणजे त्या सात दुपारी, ती मटणाची ताटं, आईच्या नकला, हे सगळं माल उचलायला आल्यासारखं होतं तर.

वर्ष सरलं. मग ईस्टरच्या आठवड्यात त्याने फोन केला. "अल्व्हारो, अर्ज मंजूर झाला. दोन डब्या आल्यात."

अल्व्हारो केक घेऊन आला. तिन्ही जिने चढला, धापसुद्धा लागली नाही. जेवला, आईची नक्कल केली. क्विंतो हसायचं नाही असं ठरवून बसला होता, तरी त्याला हसू फुटलं, आणि त्याचीच त्याला चीड आली. तो उठला आणि कपाटातून डबी आणून टेबलावर ठेवली. ती त्याच्या स्वतःच्या नावावरची होती, दुसरी नव्हतीच.

"घे. पुरवठादाराकडून."

अल्व्हारोचा चेहरा उतरला. तो टेबलावरच्या केककडे बघत राहिला. आता हा माफी मागेल असं क्विंतोला वाटलं. मागितली असती तर त्याने ती दिलीही असती, तिथल्या तिथे.

"उगाच मनाला लावून घेऊ नकोस," अल्व्हारो म्हणाला. त्याने डबी कोटाच्या खिशात टाकली आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी क्विंतोने व्हॅटिकनला पत्र लिहून यादीतून आपलं नाव काढून टाकायला सांगितलं. कारण विचारणारं कोणी नव्हतं; त्या जागेसाठी माणसं वर्षानुवर्षं ताटकळत होती.

पुढच्या वसंतात खालच्या मजल्यावरच्या नोर्माबाई जिन्यात भेटल्या. "यंदा ईस्टरला तुमचे भाऊ दिसले नाहीत?"

"गेला तो," क्विंतो म्हणाला.

बाईंनी छातीवर क्रूस काढला. तिकडे रोमच्याच टोकाला, ओस्तियाच्या किनाऱ्यावरच्या आपल्या घरी अल्व्हारो ठणठणीत होता. क्विंतोने भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि तो वर गेला.