अपडेटला दिलेला होकार

टावर चौकातल्या त्या प्रिंटरवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. शाई भरून देताना त्यानं माझ्या प्रिंटरवर चिठ्ठी चिकटवली होती, 'अपडेट मत करना.' पण स्क्रीननं इतक्या अदबीनं विचारलं, की मला नाही म्हणवेना. तेव्हापासून प्रिंटर त्याची शाई घेईना, आणि कंपनीची मला परवडेना. शेवटी प्रिंटर उचलून त्याचं दुकान गाठलं.

"साहब, चिट्ठी पढ़ी थी?"

"रोज पढ़ता हूँ."

तो हसला नाही. सगळं खोलून, फुंकर मारून बघितलं. "मशीन अच्छी है. कंपनी ने इसको मरने को बोल दिया है."

प्रिंटर आता भंगारातच जायचा होता, तरी त्यानं एकेक स्क्रू परत बसवला, काच पुसली. मागं असे पुसलेले प्रिंटर छतापर्यंत रचलेले होते. दुरुस्तीच्या टेबलावर माझा एकच होता. तोही त्यानं उचलून त्यांच्यात ठेवला.